तेराव्यानंतरचे हक्कसोडपत्र

कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ तालुक्यातील हेरवाडच्या ग्रामसभेने मे २०२२ मध्ये विधवा प्रथेविरुद्ध ठराव केला. पतीच्या अंत्यविधीच्या वेळी पत्नीचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे, जोडवी काढून घेणे हे प्रकार गावात यापुढे होणार नाहीत, असे गावकऱ्यांनी एकत्र बसून ठरविले. त्याच महिन्यात राज्य शासनाने परिपत्रक काढून अन्य ग्रामपंचायतींनाही तसेच करण्यास सुचविले. हिंदू समाजाने आपल्यातील एक अमानुष रूढी आपणहून दूर सारली, ही घटना निःसंशय अभिनंदनीय आहे. मध्यंतरी, २०२३ मध्ये, विधवेला कोणत्या शब्दाने संबोधावे यावरही बराच वाद रंगला. त्या वादातून कोणा विधवेच्या पदरात काय पडले, हे सांगणे कठीण आहे.

कारण वैधव्याचे जे रूप स्मशानात दिसते, त्याहून निराळे एक रूप महिन्या-दोन महिन्यांनी दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात दिसते. तेथे बांगड्या फुटत नाहीत. दिवसकार्य आटोपलेले असते, पाहुणे आपापल्या गावी परतलेले असतात. घरातील कोणी वडीलधारा माणूस नुकत्याच विधवा झालेल्या सुनेला गाडीत बसवून तालुक्याच्या गावी नेतो. "वहिनी, एवढी सही करा, नुसती कागदाची पूर्तता आहे, पोरांचे आम्ही बघतोच आहोत," असे दीर म्हणतो, आणि ती सही करते. बहुतेकदा त्या कागदाचे नावही तिला ठाऊक नसते. त्याचे नाव हक्कसोडपत्र. कायद्याने तिला जे दिले ते तिने त्या एका सहीने स्वखुशीने सोडले, असे त्या दिवसापासून दप्तर सांगू लागते.

कायद्याने काय दिले आहे, हे आधी स्पष्ट असलेले बरे. कारण याविषयी सुशिक्षित घरांतही विलक्षण गैरसमज आहेत. हिंदू उत्तराधिकार कायदा १९५६ सालचा. हिंदू पुरुष मृत्युपत्र न करता वारला, तर त्याच्या स्वकष्टार्जित संपत्तीचे वारस प्रथम वर्गातील: पत्नी, मुलगे, मुली आणि मृताची आई. प्रत्येकाचा वाटा सारखा. मृताचा पिता आणि भाऊ द्वितीय वर्गात आहेत, आणि प्रथम वर्गातील एकही वारस हयात असेल तर द्वितीय वर्गाला काहीही मिळत नाही. म्हणजे ज्या दिराच्या सांगण्यावरून सही होते, त्याचा आपल्या भावाच्या कमाईवर विधवेच्या हयातीत वारसा म्हणून तिळमात्र अधिकार नसतो. सासऱ्याचाही नसतो. सासूचा मात्र असतो, आणि तो सुनेइतकाच असतो. पोटचा मुलगा गमावलेल्या वृद्ध मातेला कायद्याने सुनेच्या पंक्तीला बसविले, हे योग्यच झाले. नव्या बिऱ्हाडाच्या, नव्या नात्यांच्या ओघात मृताच्या आईलाच बेदखल करणाऱ्या सुना आणि त्यांच्या मागे उभी राहणारी माहेरची मंडळीही समाजात आहेत; त्यांचेही समर्थन कोणी करू नये.

पती वडिलांच्या आधी वारला असेल, तरी सुनेचे नाते तुटत नाही. सासऱ्याच्या पश्चात त्याच्या संपत्तीत पूर्वमृत मुलाची विधवा ही प्रथम वर्गातील वारस ठरते. मृत मुलाच्या वाट्याला जे आले असते, ते ती आणि तिची मुले मिळून घेतात. सासरा हयात असताना, सुनेला स्वतःच्या उत्पन्नातून, पतीच्या वा माहेरच्या इस्टेटीतून किंवा आपल्या मुलांकडून उदरनिर्वाह शक्य नसेल, तर दत्तक व पोटगी कायद्याच्या कलम १९ नुसार तिला सासऱ्याकडे निर्वाह मागता येतो. मात्र सासऱ्याच्या ताब्यात वडिलोपार्जित सामायिक मिळकत असेल आणि तीत तिला वाटा मिळालेला नसेल, तरच. पुनर्विवाह केल्यास हा निर्वाहाचा अधिकार संपतो. पतीकडून आलेल्या वारशाची गोष्ट वेगळी. 'दुसरे लग्न केलेस तर सगळे सोडावे लागेल' ही धमकी आजही सर्रास दिली जाते. तिचे मूळ १८५६ च्या विधवा पुनर्विवाह कायद्यात आहे. त्या कायद्याने पुनर्विवाहाला मान्यता दिली खरी, पण पहिल्या पतीच्या इस्टेटीवरील हक्क काढून घेतला. १९५६ नंतर ती अट टिकली नाही. एकदा पतीचा वारसा मिळाला की विधवेने पुढे विवाह केला म्हणून तो हिरावला जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये निःसंदिग्ध शब्दांत सांगितले आहे.

वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या मिळकतीचा हिशेब थोडा गुंतागुंतीचा आहे, आणि तो ज्या खटल्याने कायमचा उलगडला तो आपल्या सांगलीचा आहे. विधिवर्तुळात तो गुरुपाद मगदूम खटला म्हणून ओळखला जातो. १९६० मध्ये एक गृहस्थ वारले. मागे पत्नी, दोन मुलगे आणि तीन मुली. १९६२ च्या नोव्हेंबरात विधवेने घरे, जमीन, दुकाने यांत चोवीसात सात हिश्श्यांची मागणी करणारा दावा लावला. दिवाणी न्यायालयाने तिला चोवीसात एकच हिस्सा दिला. युक्तिवाद असा की, पतीच्या वाट्याचे वारस सहा, त्याचा वाटा एक चतुर्थांश, त्याचा सहावा भाग म्हणजे एक चोविसांश, बस्स. विधवेचे म्हणणे वेगळे होते. पतीच्या मृत्यूच्या क्षणाआधी वाटणी झाली असे कायदा गृहीत धरतो, आणि मुंबई इलाख्यात चालत आलेल्या मिताक्षरा परंपरेत बाप-लेकांच्या वाटणीत आईलाही मुलाइतका वाटा मिळतो. मग बाप, आई आणि दोन मुलगे असे चार वाटे झाले. त्यातील एक चतुर्थांश तिचा स्वतःचा, आणि पतीच्या एक चतुर्थांशातील एक चोविसांश वारसा म्हणून. एप्रिल १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या निकालपत्रातून तिचे म्हणणे मान्य केले. गृहीत धरलेल्या वाटणीचे सर्व परिणाम मानले पाहिजेत, अर्ध्या वाटेवर थांबता येणार नाही, हा त्या निकालाचा गाभा. चोवीसात एक आणि चोवीसात सात यांतील अंतर पार करण्यास पंधराहून अधिक वर्षे लागली. समोर प्रतिवादी म्हणून दीर किंवा सासरा नव्हता. घरातलाच मुलगा होता.

दिराविरुद्ध लढलेली स्त्रीही न्यायालयीन इतिहासात अमर झाली आहे. तुलसम्मा खटला आंध्रातील. पती १९३१ मध्ये सावत्र भावाशी एकत्र असतानाच वारला. विधवेने निर्वाहासाठी १९४४ मध्ये दावा केला, १९४९ मध्ये तडजोड झाली आणि काही मिळकत तिला केवळ हयातीपुरती उपभोगण्यास मिळाली. १९५६ चा कायदा आला. त्यानंतर तिने मिळकतीचा काही भाग भाडेपट्ट्याने दिला, काही विकला; दीर कोर्टात गेला. निर्वाह हा विधवेचा पूर्वापार हक्क आहे, त्या हक्कापोटी मिळालेली मिळकत ही कोणाची मेहेरबानी नव्हे, म्हणून नव्या कायद्याच्या कलम १४ नुसार ती तिच्या पूर्ण मालकीची झाली, असा निर्णय १९७७ मध्ये झाला. त्यानंतरच्या निरनिराळ्या निकालांत एकवाक्यता राहिली नाही, म्हणून डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या द्विसदस्य पीठाने कलम १४ च्या दोन पोटकलमांचा परस्परसंबंध मोठ्या पीठाने निश्चित करावा, असे सुचविले. मृत्युपत्राने किंवा करारपत्राने 'हयातीपुरता' हक्क मिळालेल्या असंख्य विधवांचे लक्ष तिकडे असावयास हवे.

या ठिकाणी परंपरेचा प्रश्न उपस्थित होतो. हिंदू परंपरेने स्त्रीला काहीच दिले नाही, असे म्हणणारा एक वर्ग आहे. परंपरेच्या नावाने सुनेला वाटा नाकारणारा दुसरा. दोघांनीही मूळ ग्रंथ उघडलेले नसतात. अपुत्र आणि विभक्त पुरुषाच्या वारसांची यादी याज्ञवल्क्य स्मृती पत्नीपासून सुरू करते. भावाचे नाव त्या यादीत कितीतरी नंतर येते. कल्याणीच्या चालुक्य विक्रमादित्याच्या काळात विज्ञानेश्वराने मिताक्षरेत तेच उचलून धरले. बंगालमध्ये जीमूतवाहनाच्या दायभागाने तर एकत्र कुटुंबातही अपुत्र विधवेला पतीचा वाटा दिला. हे जितके खरे, तितकेच हेही खरे की हा हक्क मर्यादित होता. मिताक्षरेच्या प्रदेशात एकत्र कुटुंबातील विधवेच्या हाती अन्नवस्त्राशिवाय काही उरत नसे. शास्त्राने उघडलेले दार व्यवहाराने बरेचसे लोटून घेतले.

तरीही ते दार उघडणारे राज्यकर्ते याच भूमीत झाले. सर जॉन माल्कम याने मध्य हिंदुस्थानविषयीच्या आपल्या ग्रंथात नोंदविलेली एक हकीकत या संदर्भात मोलाची आहे. इंदूरचा एक धनाढ्य सावकार निपुत्रिक वारला. तुकोजी होळकरांचा तळ जवळच पडला होता. त्या संपत्तीतील हिस्सा घ्यावा, असे त्यांच्या मनात आले. सावकाराची विधवा थेट महेश्वरास अहिल्यादेवींकडे गेली. देवींनी तिचे म्हणणे ऐकले, वस्त्रे देऊन पतीच्या सर्व संपत्तीची एकमेव धनी म्हणून तिला मान्यता दिली, आणि तुकोजींना इंदूरपासून दूर तळ हलविण्याची आज्ञा पाठविली. अहिल्यादेवींच्या जन्माला मे २०२५ मध्ये तीनशे वर्षे पूर्ण झाली. त्रिशताब्दीनिमित्त गावोगावी व्याख्याने झाली, मिरवणुका निघाल्या, घाट आणि मंदिरे यांविषयी भरभरून लिहिले गेले. स्वतः विधवा असलेल्या या राज्यकर्तीने दुसऱ्या विधवेची संपत्ती आपल्याच सेनापतीच्या हातून सोडविली, हा प्रसंग मात्र त्या मानाने कमी सांगितला गेला.

इंग्रजी अमदानीत डॉ. गोपाळराव देशमुख यांच्या प्रयत्नांतून १९३७ मध्ये हिंदू स्त्रियांच्या संपत्तीविषयक हक्कांचा कायदा झाला. त्याने विधवेला पतीच्या वाट्यात प्रवेश दिला, पण तो हयातीपुरताच. पुढे हिंदू कोड बिलावरून रणकंदन झाले. स्त्रियांना वाटे दिल्यास एकत्र कुटुंबपद्धती मोडून पडेल, अशी भीती त्या काळी हिंदू समाजातील अनेक धुरीणांनी प्रामाणिकपणे बोलून दाखविली होती. सात दशकांचा अनुभव समोर आहे. शहरीकरण, नोकऱ्या, जमिनीचे तुकडे यांनी एकत्र कुटुंबे विरत गेली. विधवेने सात-बारावर नाव लावले म्हणून घर मोडल्याचे उदाहरण शोधावे लागेल. घर मोडते ते नाव लावू न दिल्याने. मग माहेर आणि सासर एकमेकांसमोर वकिलांमार्फत बोलू लागतात.

वाटा नाकारण्याच्या रीती बऱ्याच आहेत आणि त्यांतील बहुतेक बेकायदाही दिसत नाहीत. महाराष्ट्रात वर्षानुवर्षे सात-बारावर 'ए.कु.मॅ.' म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर म्हणून थोरल्या भावाचे एकट्याचे नाव लागत आले. धाकटा भाऊ वारला की त्याच्या पत्नीजवळ दाखवायला कागदच नसतो. कुठे विधवेचे नाव कब्जेदाराऐवजी 'इतर हक्क' या रकान्यात ढकललेले आढळते. वस्तुतः महसुली दप्तरातील फेरफार हा मालकीचा पुरावा नव्हे. नाव नसले म्हणून हक्क जात नाही आणि असले म्हणून नवा निर्माण होत नाही, हे न्यायालयांनी पुनःपुन्हा सांगितले आहे. पण पीककर्ज, विमा, नुकसानभरपाई हे सारे त्या नावावर मिळते, हे गावातील शेंबड्या पोरालाही कळते. म्हणून वारसा मिळाल्यापासून तीन महिन्यांच्या आत तलाठ्याच्या, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याच्या, दप्तरी वर्दी देणे विधवेच्या हिताचे असते. शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्ती मोहिमेत शेतकऱ्यांना पतीच्या हयातीतच पत्नीच्या नावे जमीन करण्याचे आवाहन केले होते. त्यांच्या सर्वच भूमिका पटोत वा न पटोत, हा विचार काळाच्या पुढचा होता.

मुले अज्ञान असतील तर प्रकरण अधिक नाजूक होते. विधवेकडून तिच्या स्वतःबरोबर मुलांच्या वतीनेही हक्कसोड लिहून घेतली जाते. पित्याच्या पश्चात माता ही मुलांची नैसर्गिक पालक खरी. पण अज्ञानाची स्थावर मिळकत न्यायालयाच्या पूर्वपरवानगीशिवाय हस्तांतरित करण्याचा अधिकार तिलाही नाही, आणि तसा केलेला व्यवहार मुलांना सज्ञान झाल्यावर मुदतीत रद्द करून घेता येतो. आज 'पोरांचे आम्ही बघतो' म्हणणाऱ्या काकावर उद्या तीच पोरे दावा लावतात, तेव्हा गाव हळहळते. बँकेतील ठेवी आणि विम्याची रक्कम यांबाबतही असाच घोळ होतो. लग्नाआधी भावाचे किंवा वडिलांचे नाव नामनिर्देशित केलेले असते आणि ते बदलायचे राहून जाते. नामनिर्देशित व्यक्ती ही सर्वसाधारणपणे विश्वस्ताप्रमाणे रक्कम स्वीकारते, मालक वारसच असतात. कंपन्यांच्या समभागांनाही हेच तत्त्व लागू असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये स्पष्ट केले. विम्याचा अपवाद मात्र ध्यानी ठेवावा: २०१५ च्या दुरुस्तीनंतर आई-वडील, पती-पत्नी वा मुले यांना नामनिर्देशित केले असेल, तर रक्कम त्यांच्या मालकीची होते. तेव्हा विवाहानंतर पॉलिसीवरील नाव न बदलणे ही आता किरकोळ विसर राहिलेली नाही.

राहत्या घराविषयी २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याने दिलेला निवासाचा हक्क मालकीवर अवलंबून नाही. सासऱ्याच्या नावावरील घरही सामायिक निवास ठरू शकते, हे २०२० मध्ये, आणि विधवेलाही त्या घरात राहण्याचा हक्क आहे, हे मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. हा निवासाचा हक्क आहे, मालकीचा नव्हे. वृद्ध सासू-सासऱ्यांना त्यांच्याच घरातून हुसकण्याचा तर नव्हेच.

गोमंतकात वारशाची रीत मुळातच वेगळी आहे. तेथे पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या व्यवस्थेनुसार, विवाहापूर्वी वेगळा करार केला नसेल तर पती-पत्नीची मालमत्ता सामायिक मानली जाते. पती वारला की निम्मी मालमत्ता विधवेची स्वतःचीच असते. वारसांची वाटणी उरलेल्या निम्म्याची होते. वारस काय देतात याची वाट तिला पाहावी लागत नाही. संसारात उभा राहिलेला पैसा दोघांचा, ही कल्पना सहधर्मचारिणी या शब्दाच्या अर्थाशी मिळतीजुळतीच आहे. उर्वरित देशातील हिंदू कायद्यात ती अजून उतरलेली नाही. तेथे पती मृत्युपत्राने आपली सर्व स्वकष्टार्जित संपत्ती भावाला लिहून देऊ शकतो, आणि पत्नीच्या हाती निर्वाहाचा दावा एवढेच राहते.

आणि एका जागी तर १९५६ चा कायदाच विधवेच्या विरुद्ध उभा आहे. हिंदू स्त्री मृत्युपत्र न करता वारली, मुले व पती मागे नसतील, तर कलम १५ नुसार तिची संपत्ती आधी पतीच्या वारसांकडे जाते. आई-वडिलांचा क्रम त्यानंतर. माहेरकडून वारशाने आलेली मिळकत माहेरी परत जाते, असा अपवाद आहे. स्वतः कमावलेल्या संपत्तीला तो लागू नाही. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर आलेले ओमप्रकाश विरुद्ध राधाचरण हे प्रकरण वाचून कोणाही संवेदनशील माणसाचे मन विषण्ण होईल. १९५५ मध्ये विवाहानंतर तीन महिन्यांच्या आत पती सर्पदंशाने वारला. सासरच्यांनी सुनेला घराबाहेर काढले. माहेरच्यांनी तिला शिकविले, ती नोकरीस लागली. एकेचाळीस वर्षांनी, १९९६ मध्ये ती वारली तेव्हा बँकेतील ठेवी आणि भविष्य निर्वाह निधीची मोठी रक्कम मागे होती, मृत्युपत्र नव्हते. तिच्या आईने वारसा मागितला. पतीच्या बहिणीच्या मुलांनीही मागितला. न्यायालयाने सहानुभूतीने कायदा बदलता येत नाही असे म्हणत भाच्यांच्या बाजूने निकाल दिला. ज्या घराने तिला तीन महिन्यांत उंबऱ्याबाहेर काढले, त्याच घराच्या नात्यात तिच्या आयुष्यभराची कमाई गेली.

सासर हेच विवाहित स्त्रीचे कूळ, ही यामागील कल्पना. ज्या सासरने ते कूळपण स्वतःच झिडकारले, त्याला वारसा मागताना मात्र ते आठवावे, याला धर्माचा आधार नाही आणि न्यायाचाही नाही. विधी आयोगाने जून २००८ मधील आपल्या २०७ व्या अहवालात, स्त्रीच्या स्वकष्टार्जित संपत्तीत माहेरच्या वारसांनाही पतीच्या वारसांबरोबर स्थान द्यावे, अशी शिफारस केली होती. मुंबई उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनी २०१२ मध्ये या तरतुदीतील भेदभावावर घटनेच्या कसोटीवर बोट ठेवले. नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घटनात्मकतेचा प्रश्न खुला ठेवला, पण स्त्रियांनी, विशेषतः हिंदू स्त्रियांनी, आपले मृत्युपत्र वेळीच करून ठेवावे, असे आवाहन केले. ज्या विधवेला मूल नाही आणि जी स्वतः कमावते, तिच्यासाठी हा सल्ला आजच अमलात आणण्याजोगा आहे. दोन साक्षीदारांसमोर स्वाक्षरी केलेला साधा कागदही त्यास पुरतो, नोंदणी सक्तीची नाही. परंतु ज्या स्त्रीला कायद्याचे नावही ठाऊक नाही, तिच्या अज्ञानाचा लाभ तिला हाकलणाऱ्यांना मिळत राहावा, अशी रचना संसदेने का टिकवावी? विधी आयोगाची शिफारस तयार आहे. दुरुस्ती एका कलमाची आहे.